महिला शास्त्रज्ञांवर मराठी विकिपीडियात लेख लिहिताय? तो टिकावा म्हणून काय करायचं

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचं नाव मराठीत शोधून पाहा. सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत आणि १९३३ मध्ये प्रवेश मिळवलाच, ही हकीकत लगेच हाती लागते. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काय काम केलं, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेलं असतं. लिहिणाऱ्याला त्यांचा अपमान तपशिलात माहीत असतो, सायटोक्रोम (त्यांनी बटाट्यात अभ्यासलेलं प्रथिन) माहीत नसतो.

महिला शास्त्रज्ञांवरचे लेख दोन कारणांनी फसतात. पुराव्याअभावी ते काढून टाकले जातात, किंवा राहतात पण त्यांत संशोधनच नसतं. पहिल्यांदाच विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी हे दोन्ही कसं टाळायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

१. नाव ठरवा, पण आधी सगळ्या रूपांनी शोधा

एकच बाई तीन नावांनी वावरलेली असते. कमला सोहोनी लग्नाआधी कमला भागवत होत्या. त्यांचे केंब्रिजचे शोधनिबंध माहेरच्या आडनावावर आहेत, आणि त्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ नसून ‘व्ही’ आहे. नेहमीच्या स्पेलिंगने शोधलं तर ते निबंध सापडणारच नाहीत. कमल रणदिवे या कमल समर्थ होत्या, इरावती कर्वे या करमरकर.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कागदावर एक यादी करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मध्ये घातलेलं पूर्ण नाव, आद्याक्षरं आणि आडनाव, रोमन स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार. यातल्या प्रत्येक रूपाने मराठी विकिपीडिया, इंग्रजी विकिपीडिया आणि विकिडेटा (सगळ्या भाषांतल्या लेखांना जोडणारा माहितीसाठा) या तिन्ही ठिकाणी शोध घ्या. मराठीत चार ओळींचं पान आधीच असेल तर नवं पान काढू नका, तेच वाढवा. नवख्याला ते सोपंही जातं, कारण असलेल्या पानात भर घातल्यावर ‘हे पान हवंच कशाला’ असा वाद सहसा उपस्थित होत नाही.

पहिल्या लेखासाठी शक्यतो हयात नसलेली व्यक्ती घ्या. हयात व्यक्तीबद्दलचे नियम जास्त कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत.

२. उल्लेखनीयता: ‘त्या थोर आहेत’ हे पुरत नाही

ज्ञानकोशात लेख व्हावा इतकं या व्यक्तीबद्दल त्रयस्थांनी लिहून ठेवलेलं आहे का, एवढाच प्रश्न इथे असतो. इंग्रजी विकिपीडियाने संशोधक-प्राध्यापकांसाठी स्वतंत्र निकष लिहून ठेवले आहेत. मराठीत लिहितानाही त्यांनाच कसोटी धरा. खालीलपैकी एक जरी भक्कमपणे दाखवता आलं तरी चालतं:

- त्या विषयावर त्यांच्या कामाचा ठसा उमटला आहे आणि तसं इतर तज्ज्ञांनी लिहिलं आहे.
- मोठा पुरस्कार मिळाला आहे, उदाहरणार्थ शांतिस्वरूप भटनागर. असीमा चॅटर्जी यांना तो १९६१ मध्ये मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.
- निवडीने मिळणारी फेलोशिप आहे: दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी, लंडनची रॉयल सोसायटी.
- मोठ्या संस्थेचं सर्वोच्च पद किंवा नामांकित नियतकालिकाचं प्रमुख संपादकपद भूषवलं आहे.

काय चालत नाही? वर्गणी भरून मिळणारं आजीव सदस्यत्व. शुल्क घेऊन ‘राष्ट्रीय पुरस्कार’ देणाऱ्या संस्थांची सन्मानचिन्हं. शोधनिबंधांची नुसती संख्या. गणितात वीस निबंध हे आयुष्यभराचं काम असू शकतं आणि वैद्यकात दोनशे निबंध असूनही ठसा शून्य असू शकतो, त्यामुळे आकड्यावर भिस्त ठेवू नका.

या पायरीवर भले भले अडकतात. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये नाकारला गेला, कारण जोडलेल्या संदर्भांतून त्यांची उल्लेखनीयता दिसत नव्हती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. यावर टीका भरपूर झाली, ती रास्तही होती. पण नवख्या लेखकाने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: व्यक्ती कितीही मोठी असो, तपासणारा तुम्ही जोडलेले संदर्भच पाहतो.

३. लिहिण्यापूर्वीची जमवाजमव

ही सामग्री हातात नसेल तर पान उघडूच नका:

- किमान तीन स्वतंत्र स्रोत. ‘स्वतंत्र’ म्हणजे त्या व्यक्तीने, तिच्या घरच्यांनी किंवा तिच्या संस्थेने न लिहिलेले. एकाच वृत्तसंस्थेची बातमी तीन वर्तमानपत्रांत छापून आली असेल तर तो एकच स्रोत.
- त्यांतला निदान एक स्रोत संशोधनाबद्दल बोलणारा हवा: अकादमीचं चरित्रपर टिपण, ‘करंट सायन्स’ किंवा ‘रेझोनन्स’मधला लेख, मृत्युलेख.
- त्यांच्या दोन-तीन महत्त्वाच्या शोधनिबंधांचं नाव, नियतकालिक, खंड, वर्ष.
- तारखांची चिठ्ठी: जन्म, पदव्या, नेमणुका, मृत्यू. प्रत्येक तारखेपुढे ती कुठून घेतली ते लिहा.

कुठे शोधायचं? मराठी विश्वकोश आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका ही मराठीतली पहिली ठिकाणं. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी दिवंगत फेलोंची चरित्रपर टिपणं प्रसिद्ध करते, ती सर्वांत कामाची असतात. भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेलं, रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे इंग्रजी पुस्तक भारतीय महिला शास्त्रज्ञांसाठी हाताशी असावंच. प्रबंध शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंध-संग्रहावर मिळू शकतात, जुनी नियतकालिकं इंटरनेट आर्काइव्हवर.

वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर ऑनलाइन दुवा नसला तरी चालतं. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि मथळा एवढं पुरतं. मात्र आवृत्ती लिहायला विसरू नका. पुण्याच्या अंकात पाचव्या पानावर असलेली बातमी मुंबईच्या अंकात नसतेही.

घरच्यांकडे जाणार असाल तर आठवणींपेक्षा कागद मागा: कात्रणं, निबंधांची यादी, पदवीदान समारंभाची पुस्तिका. तोंडी आठवण कितीही खरी असली तरी विकिपीडियात घालता येत नाही, कारण वाचणाऱ्याला ती पडताळता येत नाही. ती मोलाची वाटत असेल तर कुटुंबीयांनाच एखाद्या मासिकात लेख लिहायला सांगा. छापून आला की त्याचा संदर्भ देता येतो.

४. खातं आणि टंकलेखन

खातं उघडायला दोन मिनिटं लागतात. ईमेल देणं सक्तीचं नाही, पण द्या. नाहीतर पासवर्ड विसरलात की ते खातं कायमचं गेलं. सदस्यनाव संस्थेचं ठेवू नका. विभागाच्या किंवा महाविद्यालयाच्या नावाचं खातं प्रसिद्धीसाठी उघडलेलं समजून अडवलं जाऊ शकतं. एक खातं म्हणजे एक माणूस.

मराठी टंकलेखनाची सोय विकिपीडियातच आहे. मजकुराच्या चौकटीत कर्सर ठेवला की कळफलकाचं चिन्ह दिसतं, त्यात अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट निवडा. कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की ते चालू-बंद होतं. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र थेट चिकटवू नका. तुमच्या संगणकावर ती मराठी दिसते, विकिपीडियावर रोमन अक्षरांचा खिचडा उतरतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि मग ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात नेमकी हीच अक्षरं मोडतात.

पहिल्या आठवड्यात नवा लेख लिहूच नका. दहा-पंधरा छोटी संपादनं करा: शुद्धलेखन, सुटलेला दुवा, एखादा संदर्भ. हात बसतो, आणि तुमच्या खात्याचा इतिहास पाहणाऱ्या प्रचालकालाही (विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यालाही) दिसतं की हे खातं एकाच व्यक्तीची जाहिरात करायला उघडलेलं नाही.

५. धूळपाटीत सांगाडा उभा करा

सदस्य पानाखाली ‘धूळपाटी’ म्हणजे कच्च्या कामाचं पान मिळतं. आधीचं सगळं लेखन तिथेच करा. अर्धवट लेख मुख्य जागेत प्रकाशित करून ‘नंतर पूर्ण करू’ म्हणणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. तपासणाऱ्याला तुमच्या मनातला उरलेला लेख दिसत नाही, समोरच्या तीन ओळी दिसतात.

सांगाडा असा ठेवा: ओळखीचं पहिलं वाक्य, शिक्षण, संशोधन, पदं व पुरस्कार, वैयक्तिक माहिती, संदर्भ. लांबीचा निम्मा भाग संशोधनाला जायला हवा. तसा तो जात नसेल तर सामग्री कमी आहे, तिसऱ्या पायरीवर परत जा.

पहिल्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या, कारण शोधयंत्रं आणि मोबाइलवरची झलक तेवढंच उचलतात. इरावती कर्वे मराठी वाचकाला लेखिका म्हणून ठाऊक असतात, म्हणून ‘मराठी लेखिका’ अशी सुरुवात करण्याचा मोह होतो. पण त्यांची डॉक्टरेट बर्लिनची, मानवशास्त्रातली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. ‘मानवशास्त्रज्ञ व लेखिका’ हा क्रम बरोबर.

माहितीचौकट (लेखाच्या बाजूला दिसणारा ठळक तपशिलांचा तक्ता) हाताने बनवत बसू नका. एखाद्या शास्त्रज्ञाचा नीट लिहिलेला मराठी लेख उघडा, ‘स्रोत पाहा’मधून त्याचा संपादनातला मजकूर बघा, तिथला माहितीचौकटीचा साचा उचला आणि तपशील बदला. फक्त आधीच्या माणसाची जन्मतारीख किंवा पुरस्कार आत राहून गेला नाही ना, हे दोनदा बघा. ही गंमत वरचेवर घडते.

६. संशोधनाचा परिच्छेद

इथे घाई करू नका. ‘त्यांनी जैवरसायनशास्त्रात मोलाचे संशोधन केले’ या वाक्यातून वाचकाला काहीही कळत नाही, आणि ते वाक्य कोणत्याही जैवरसायनशास्त्रज्ञाला जसंच्या तसं लावता येतं. चार प्रश्नांची उत्तरं क्रमाने लिहा: प्रश्न काय होता, कशावर आणि कसं काम केलं, काय हाती लागलं, त्याचा पुढे काय उपयोग झाला.

सोहोनींचंच उदाहरण घेऊ. कच्चं वाक्य असं येतं: ‘केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता.’ पानांची संख्या लक्षात राहते, शोध राहत नाही. त्याऐवजी:

‘पेशी श्वसन करतात तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याचं काम सायटोक्रोम सी हे प्रथिन करतं. बटाट्याच्या ऊतींवर काम करताना सोहोनींना हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचं आढळलं आणि वनस्पतींच्या श्वसनात त्याचा सहभाग असल्याचं त्यांनी दाखवलं. याच कामावर त्यांना १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.’

भारतात परतल्यावरचं कामही असंच उलगडा. केंब्रिजला जाण्याआधी बंगळूरला त्यांनी दूध, डाळी आणि शेंगा यांतल्या प्रथिनांवर काम केलं होतं. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतल्या पोषक घटकांचा अभ्यास केला. कुपोषणाच्या प्रश्नाशी जोडलेला हा धागा दाखवला की विखुरलेली वाटणारी ही कामं एका ओळीत येतात.

आणखी दोन नमुने. ॲना मणी यांच्याबद्दल ‘हवामानशास्त्रज्ञ’ एवढंच लिहू नका. हवामानाची उपकरणं बाहेरून आणावी लागत असताना पुण्याच्या हवामान खात्यात सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनू लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारली गेली, ओझोन मोजायचं उपकरण तयार झालं. यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या नावावर ठोस सांगता येते. कमल रणदिवे यांच्या लेखात १९८२ चं पद्मभूषण येतंच. पण मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध तपासला, हे आधी यायला हवं.

परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा, पण त्यांच्या आहारी जाऊ नका. पेशी, ऊती, गुणसूत्र, कर्करोग हे रुळलेले शब्द वापरा. ‘विकर’ लिहिलंत तर पहिल्या वेळी ‘विकर म्हणजे एन्झाइम’ असं सांगून टाका. सायटोक्रोमला मात्र संस्कृत प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही.

इंग्रजी लेख अनुवाद-साधनाने ओतणार असाल तर प्रत्येक ओळ तपासा. यंत्र ‘फेलो’चं ‘सहकारी’ करतं, ‘पेपर’चा ‘कागद’ होतो आणि विद्यापीठातल्या अध्यासनाची थेट ‘खुर्ची’. अनुवाद असेल तर मूळ इंग्रजी लेखाचा उल्लेख संपादन सारांशात करणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. विकिपीडियातलंच साधन वापरलंत तर ते आपोआप होतं, हाताने केलंत तर तुम्हाला लिहावं लागतं. इंग्रजी विकिपीडिया हा संदर्भ म्हणून मात्र देता येत नाही. तिथले मूळ स्रोत उघडून, वाचून, तेच द्या.

७. ‘पहिल्या भारतीय महिला’ हा सापळा

या विषयावरच्या लेखांत सर्वाधिक चुका या तीन शब्दांत असतात. सोहोनींना ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला’ म्हटलेलं ठिकठिकाणी सापडतं. वर्ष १९३९. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. असीमा चॅटर्जी यांचा १९४४ चा मान वेगळाच: भारतीय विद्यापीठाची विज्ञानातली डी.एससी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पदवी कोणती, विषय कोणता, विद्यापीठ कुठलं, यांतला एक शब्द गळाला की विधान खोटं ठरतं.

उपाय सरळ आहे. दावा पूर्ण लिहा: कोणती पदवी, कुठली, कोणत्या वर्षी. स्रोतांत मतभेद असतील तर ‘पहिल्या’ हा शब्दच गाळा आणि ‘सुरुवातीच्या काळातील’ म्हणा. लेखाचं काही बिघडत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावरून तारखा आणि पदं खुशाल घ्या, पण ‘पहिल्या’, ‘एकमेव’, ‘सर्वोत्कृष्ट’ यांसाठी त्रयस्थ स्रोतच हवा.

जन्मतारखांचंही तसंच. सोहोनींचं जन्मसाल कुठे १९११ तर कुठे १९१२ छापलेलं आढळतं. दोन विश्वासार्ह स्रोत भांडत असतील तर एक बाजू गुपचूप निवडू नका. दोन्ही साल द्या आणि दोन्हींना संदर्भ जोडा.

८. नाव, सर्वनाम आणि नवरा

लेखाच्या शीर्षकात ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्रीमती’ नको. जे नाव सर्वाधिक प्रचलित ते शीर्षक. मजकुरात आदरार्थी बहुवचन ठेवा, ‘त्या’, ‘त्यांनी’. पण सलग नुसत्या पहिल्या नावाने उल्लेख नको. पुरुष शास्त्रज्ञाला ‘रामन’ म्हणतो तसंच ‘सोहोनी’, ‘रणदिवे’. एका वाक्यात ‘रामन’ आणि ‘कमलाताई’ एकत्र आले की ज्ञानकोशाचं कीर्तन होतं.

विशेषणं झाडून काढा: थोर, महान, अष्टपैलू, अलौकिक, तेजस्विनी. ‘संसार सांभाळून’ हा शब्दप्रयोग तर हद्दपारच करा.

विज्ञान-पत्रकारांमध्ये फिंकबायनर चाचणी नावाचा एक निकष वापरला जातो. ॲन फिंकबायनर या विज्ञान-लेखिकेच्या नावावरून २०१३ मध्ये तो मांडला गेला. लेखात ती स्त्री असल्याचा मुद्दा, नवऱ्याचा व्यवसाय, मुलं सांभाळण्याची व्यवस्था, हाताखालच्यांना दिलेली माया, इतर स्त्रियांसाठी ती आदर्श कशी, ‘पहिली महिला’ वगैरे गोष्टी येत असतील तर लेख नापास. चाचणी चांगली आहे, पण शब्दशः पाळायची नाही. रामन यांचा नकार सोहोनींच्या चरित्रातून वगळणं म्हणजे इतिहास पुसणं. मद्रास विद्यापीठाने एम.एससी. नसल्याच्या कारणावरून ॲना मणींना पीएच.डी. दिली नाही, हेही लिहायलाच हवं. प्रश्न जागेचा आहे. नकाराला दोन वाक्यं, कामाला दोन परिच्छेद. नवरा त्यांचा सहसंशोधक असेल तर तो ‘संशोधन’ विभागात येईल, नसेल तर शेवटी एका ओळीत.

९. संदर्भ जोडणं

दृश्य संपादकात अवतरणचिन्हाचं बटण असतं. ते दाबून संकेतस्थळाचा पत्ता चिकटवला की तपशील आपोआप भरले जातात. मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत ते अर्धवट भरले जातात: लेखकाचं नाव रिकामं, मथळ्याच्या शेवटी संकेतस्थळाचं नाव चिकटलेलं, तारीख गायब. हे हाताने नीट करा. तोच स्रोत पुन्हा लागला तर नवा न घालता ‘पुन्हा वापरा’मधून उचला, नाहीतर खाली एकाच बातमीच्या सात नोंदी दिसतात.

संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एकगठ्ठा देऊ नका, ज्या वाक्याला तो आधार देतो त्या वाक्यानंतर द्या. मराठी बातम्यांचे दुवे लवकर मरतात, म्हणून त्याच दिवशी वेबॅक मशीनवर पान जतन करा आणि जतन केलेला दुवा संदर्भात घाला. दोन मिनिटांचं काम, पण पाच वर्षांनी लेख त्यावरच उभा असतो.

वाक्यं उचलू नका. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार चालतो. क्रियापदं बदलून ठेवलेला परिच्छेदही नक्कलच धरला जातो. स्रोत वाचा, बाजूला ठेवा, मग स्वतःच्या शब्दांत लिहा.

१०. छायाचित्र

लेख लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथे नियम मोडतात, बिचारे न कळत. गूगलवर सापडलेलं छायाचित्र चढवता येत नाही. ‘घरच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं’ हेही पुरत नाही, कारण हक्क साधारणपणे छायाचित्र काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नव्हे.

चालणारे मार्ग असे. तुम्ही स्वतः एखाद्या जाहीर व्याख्यानात काढलेला फोटो: मूळ फाइल विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त भांडारात) चढवा, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०. हक्कधारकाचा फोटो: त्यानेच कॉमन्सच्या परवानगी-पथकाला ठरावीक मसुद्यातला ईमेल पाठवायचा, तुम्ही त्याच्या वतीने नाही. जुना फोटो: भारतात १९४६ पूर्वी काढलेला असल्याचं दाखवता आलं तर सहसा अडचण येत नाही. त्यानंतरच्या फोटोला अमेरिकी कायद्याचीही अट लागते, तिथे चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) विचारूनच पुढे जा.

फोटो नाही म्हणून लेख अडवून ठेवू नका.

११. प्रकाशित केल्यावरचा अर्धा तास

लेख मुख्य जागेत आला की चार कामं लगेच उरका.

विकिडेटावर इतर भाषांतल्या लेखांशी दुवा जोडा आणि लिंग, व्यवसाय, संस्था, पुरस्कार या नोंदी भरा. स्त्री-पुरुष लेखांची मोजदाद विकिडेटावरच्या लिंगाच्या नोंदीवरून होते. ती रिकामी असेल तर तुमचा लेख मोजलाच जात नाही.

पहिल्या पायरीत केलेली नावांची यादी काढा आणि माहेरचं नाव, पर्यायी लेखन यांवरून पुनर्निर्देशनं (त्या नावाने शोधणाऱ्याला मूळ लेखावर नेणारी पानं) तयार करा.

वर्ग जोडा. ‘महिला शास्त्रज्ञ’ एवढ्यावर थांबू नका, विषयाचा वर्गही हवा: जैवरसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ.

चौथं काम सगळ्यांत कमी केलं जातं: इतर लेखांतून या लेखाकडे दुवे द्या. भगिनी दुर्गा भागवत यांच्या पानावरून सोहोनींकडे दुवा सुचतो. पण ‘नीरा’, ‘सायटोक्रोम’ या पानांवरूनही द्यायला हवा. ‘सौर ऊर्जा’वरून ॲना मणी, अंटार्क्टिकावरच्या पानावरून १९८३ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत गेलेल्या सागरविज्ञान-संशोधक अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. केवळ महिलांच्या यादीतून दुवा असेल तर त्या पानावर महिला शास्त्रज्ञ शोधणाराच पोहोचतो. विषयाच्या पानावरून दुवा असेल तर नीरा वाचायला आलेल्यालाही त्या भेटतात.

१२. लेखावर साचा (सूचनेची पट्टी) लागला तर

‘संदर्भ हवा’ असा साचा म्हणजे काम सांगितलं आहे, अपमान केलेला नाही. संदर्भ द्या, मग साचा काढा. उलट क्रमाने करू नका. ‘पान काढा’ असा साचा असेल तर तो स्वतः पुसून टाकू नका. चर्चा पानावर जा, दुसऱ्या पायरीतला कोणता निकष लागू होतो ते एका वाक्यात लिहा आणि दोन सर्वांत भक्कम संदर्भ दाखवा. ‘महिलांवर अन्याय होतो’ हा युक्तिवाद कितीही खरा असला तरी त्याने लेख वाचत नाही, अकादमीच्या टिपणाने वाचतो. वाद चिघळला तर चावडीवर मांडा.

स्वतःवर, नात्यातल्या व्यक्तीवर, आपल्या गाइडवर लेख लिहू नका. कोणी पैसे देऊन लिहून घेत असेल तर ते सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात जाहीर करणं वापर-अटींनुसार सक्तीचं आहे. गाइडबाईंबद्दल लेख व्हावा असं फारच वाटत असेल तर स्रोतांची यादी चर्चा पानावर ठेवा, लेख दुसरा कोणी लिहील.

हयात संशोधकांच्या लेखात जात, धर्म, पत्ता, मुलांची नावं, फेसबुकवरून काढलेली जन्मतारीख यांतलं काही नको.

१३. महाविद्यालयात कार्यशाळा घेणार असाल तर

११ फेब्रुवारी (विज्ञानातील महिला व मुलींचा दिवस), २८ फेब्रुवारी (राष्ट्रीय विज्ञान दिन) आणि ८ मार्च (महिला दिन) या तारखांच्या आसपास अशा कार्यशाळांचा पूर येतो, आणि त्यांत लिहिलेले बरेच लेख संदर्भाविना असल्याने उडतात. काही गोष्टी आधीच केल्या तर फजिती टळते.

एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. प्रयोगशाळेत तीस विद्यार्थी एकाच वायफायवर बसवले की सातव्याला त्रुटीचा संदेश येतो आणि तासभर वाया जातो. सगळ्यांना आदल्या आठवड्यात घरून खातं उघडायला सांगा. ते जमणार नसेल तर मोबाइल डेटा वापरा, किंवा मर्यादा शिथिल करण्याची विनंती पुरेसे दिवस आधी नोंदवा.

तीन तासांच्या सत्रात एका विद्यार्थ्याकडून नवा लेख होत नाही. दोघा-तिघांचा गट, गटाला एक नाव, आणि प्रत्येक नावासाठी स्रोतांची पाकिटं आधीच तयार: छापील कात्रणं, टिपणाची प्रत, निबंधांची यादी. पहिला तास नुसत्या वाचनाला द्या. नाव वाटताना नवी पानं आणि वाढवायची पानं अर्धी-अर्धी ठेवा. विज्ञान शाखेचा एक आणि मराठीचा एक विद्यार्थी अशी जोडी सर्वांत चांगली चालते: एकाला सायटोक्रोम कळतो, दुसऱ्याला वाक्य.

सत्र संपताना कोणालाही प्रकाशनाची घाई करू देऊ नका. मसुदे धूळपाटीतच राहू द्या, आठवड्याभरात जाणत्या सदस्याकडून तपासून घ्या आणि मग एकेक करून मुख्य जागेत हलवा.